तळटिपांचा माग

तो तक्ता मीच केला होता, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगते.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं महाविद्यालयाची ग्रंथपाल होते. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा, साठेक शिक्षक, आणि मुख्य इमारतीच्या मागच्या अंगाला आमचं ग्रंथालय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनंतर शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजले जाऊ लागले आणि 'एपीआय किती झाला?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये 'जेवण झालं का?' इतक्या सहज विचारला जाऊ लागला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठीही निबंधांची संख्या, सायटेशन म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, एच-इंडेक्स असे आकडे लागत. एका मार्च महिन्यात प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्या शिक्षकांचं एकाच कागदावर द्या. कोणाचे किती निबंध, कोणाला किती सायटेशन. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे."

मला मनापासून आनंद झाला होता. ग्रंथपालाकडे लोक पुस्तक मागायला येतात, नाहीतर नादेय दाखल्यावर सही घ्यायला. ग्रंथालयशास्त्रात शिकलेलं काही कॉलेजच्या कामाला येतंय, असं फार दिवसांनी झालं होतं. तीन आठवडे मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसले. स्कोपस हे सायटेशन-सूचीचं संकेतस्थळ आमच्याकडे नव्हतं. ते विद्यापीठात जाऊन पाहिलं, गूगल स्कॉलर टेबलावरच होतं. सगळे आकडे भरून झाल्यावर मी तक्ता मोठ्याकडून लहानाकडे लावला. वर्णानुक्रम हा ग्रंथपालाच्या बोटांत असतो. तो सोडून आकड्यांचा क्रम मला का सुचला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

सगळ्यात वर रसायनशास्त्राचे सर होते, ६४० सायटेशन. गणिताचे सर खूप खाली, ९. शेवटच्या सात-आठ ओळींत मराठी, इतिहास, हिंदी, समाजशास्त्र, आणि त्यांच्यापुढे शून्य.

दोन दिवसांनी इतिहासाचे सर देवघेव खिडकीशी आले. दोन पुस्तकं परत केली, आणि आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, त्या कागदावर माझ्या नावापुढे शून्य आहे. त्यात नेमकं काय मोजलंय?"

मी म्हटलं, "सर, स्कोपसमध्ये तुमचं नाव सापडत नाही."

"बरं," ते म्हणाले. थोडं थांबले. "पुस्तक तर तुमच्या कपाटात आहे."

ते होतंच. त्याचा दाखलअंक मी स्वतः टाकला होता. गावोगावच्या जुन्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल मिळवून, ते वाचून, एकोणिसाव्या शतकातल्या आठवडे बाजारांवर त्यांनी ते पुस्तक लिहिलं होतं. बाजाराचा वार का बदलला, कोणत्या पेठेत कोणाला जागा मिळायची, हिशेब कोण लिहायचं, असा सगळा ऐवज. पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने ५०० प्रती काढल्या होत्या. वीस वर्षांचं काम ते, आणि मी त्याच्यापुढे शून्य लिहिलं होतं. ते शून्य माझ्या शोधाचं होतं. त्यांच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मला तक्ता करताना कळायला हवं होतं.

मग मी हाताने शोधायला लागले. हे पुस्तक कोणाला लागलं असेल? मराठेशाहीनंतरच्या अर्थव्यवस्थेवर लिहिणाऱ्यांना, बलुतेदारीवर लिहिणाऱ्यांना, जत्रा आणि व्यापार यांवर काम करणाऱ्यांना. आमच्या कपाटातली तशी पुस्तकं एकेक काढून मी मागची संदर्भसूची आणि पानोपानीच्या तळटिपा पाहू लागले. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठीतले प्रबंध होते, पण त्यातले पुष्कळसे पानांचे फोटो काढून चढवलेले. त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. आमचे ग्रंथालय परिचर पुस्तकं काढून देत, मी पानं उलटत असे. एके दिवशी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुस्तकं मागून पुढे का वाचताय?"

चार महिन्यांत १७ नोंदी मिळाल्या. पाच प्रबंध, काही संशोधनपर नियतकालिकांतले लेख, एक जिल्ह्याचा इतिहास, दोन मराठी ग्रंथ. आणि परदेशातल्या एका अभ्यासकाचं इंग्रजी पुस्तक, ज्यात सरांचं नाव रोमन अक्षरांखाली ठिपके आणि वर आडव्या रेघा देऊन छापलं होतं. कोणत्याच यंत्राला ते नाव आणि आमच्या पगारपत्रकावरचं नाव एकाच माणसाचं वाटलं नसतं. त्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण सरांनी वाचलेल्या कागदांवर उभं होतं, आणि लेखकाने तसं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. मी ते पान झेरॉक्स करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा काढून ते डोळ्यांजवळ नेलं, दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी एक लांबट नोंदवही ठेवायला लागले. त्यात चार रकाने: कोणाचं काम, कोणी घेतलं, कुठे, आणि कशासाठी. चौथा रकाना माझा स्वतःचा. तो कोणत्याही अहवालाने कधी मागितला नाही.

शिकताना आम्हाला हे मोजमाप वेगळ्याच कामासाठी शिकवलं होतं. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, ती वाचकाला पुढची वाट सापडावी म्हणून. त्यांना ती सुचली वकिलांच्या एका साधनावरून. अमेरिकेत 'शेपर्ड्स सायटेशन्स' १८७३ पासून निघत होतं. एखाद्या निकालपत्राचा पुढे कोणत्या खटल्यांत आधार घेतला, कुठे तो फिरवला गेला, हे वकिलाला त्यात पाहता येई. आपल्याकडे नागपूरहून निघणारा एआयआर हा निकालसंग्रह ज्यांनी वकिलाच्या टेबलावर पाहिलाय, त्यांना हे लगेच समजेल. जुना निवाडा अजून उभा आहे का, आणि कोणी त्यावर काय म्हटलंय, हे पाहिल्याशिवाय वकील तो कोर्टापुढे ठेवत नाही. गारफील्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६० च्या दशकात निघू लागली तेव्हा तिचे जाडजूड खंड आणि मुंगीएवढी अक्षरं असत. एम.लिब.ला असताना पुण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात मी ते खंड भिंग लावून पाहिलेत. एका जुन्या निबंधाखाली त्याला पुढे वापरणाऱ्यांची नावं होती. माग काढायचं साधन होतं ते. मोजायला सोयीचं निघालं, म्हणून पुढे त्याने माणसं मोजली जाऊ लागली.

पण मोजायला आलेली माणसं एका जातीच्या शेतातली नसतात. ज्वारीचं आणि उसाचं एकरी वजन कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. आमच्या तक्त्याने नेमकं तेच केलं होतं.

रसायनशास्त्राचे सर सरळ मनाचे होते. आपल्या ६४० विषयी तेच मला म्हणाले, "यातले चारशे एकाच निबंधाचे आहेत, मॅडम. तो आढावा आहे. नवीन विद्यार्थ्याला प्रस्तावनेत एक वाक्य लिहायचं असलं की तो लावतो. ज्या कामासाठी मी सहा वर्षं प्रयोगशाळेत उभा होतो, त्याला बावीस आहेत." मी पाहिलं, तसंच होतं. शिवाय बहुतेक निबंधांवर पाच-सहा नावं होती. रसायनात ते ओघानेच येतं. कोणी संयुग बनवतं, कोणी त्याचा वर्णपट काढतं, कोणी उपकरण सांभाळतं. २०१८ च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के, अशी वाटणी सांगितली आहे. त्याच नियमावलीत एका निबंधाला विज्ञानशाखांत ८ गुण आणि भाषा, मानव्य, सामाजिक शास्त्रं यांत १० गुण धरलेत. म्हणजे शाखाशाखांमध्ये अंतर आहे, हे नियम लिहिणाऱ्यांनाही जाणवलं होतं. गुणांमध्ये ते दोनाचं अंतर आहे. सायटेशनमध्ये ते किती असतं, ते आमच्या तक्त्यावर दिसत होतं.

जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध कोणता, असं मी एकदा आमच्या विज्ञानाच्या मुलांना विचारलं. कोणी आइनस्टाइन म्हणालं, कोणी डीएनएचा निबंध. तो मान आहे १९५१ च्या एका निबंधाचा. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी द्रावणातलं प्रथिन मोजण्याची एक पद्धत दिली होती. ३ लाखांच्या वर वेळा त्याचा उल्लेख झालाय. प्रथिन मोजलं की पद्धत सांगावी लागते, आणि जीवरसायनाच्या हजारो प्रयोगशाळांत प्रथिन रोज मोजलं जातं. त्या मोजणीने पुढचं केवढं काम शक्य झालं! तरी हा आकडा पाहून 'आइनस्टाइनपेक्षा मोठे' असं कोणी म्हणत नाही. तिथे आपल्याला शहाणपण सुचतं, तालुक्याच्या कॉलेजात सुचत नाही.

एच-इंडेक्सचंही तसंच. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला. ज्याचे १० निबंध प्रत्येकी निदान १० वेळा उल्लेखले गेले त्याचा एच १०. त्यांच्याच निबंधात उदाहरणं आहेत. भौतिकशास्त्रात सगळ्यात वर एडवर्ड विटेन, एच ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. शाखा बदलली की आकडा बदलतो, आणि एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फक्त ढोबळ अंदाज येतो, हे हर्श यांनी त्यातच लिहून ठेवलं आहे. मी तो इशारा छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी वाचला, मान डोलावली, आणि म्हणाले, "पण फॉर्ममध्ये रकाना एकच आहे."

गणिताच्या सरांविषयी थोडं सांगायला हवं. बारा वर्षांत तीन निबंध, तिन्ही एकट्याचे. गणितात निबंध हळू शिजतो. तपासणाऱ्याला सिद्धतेची ओळ न् ओळ पाहावी लागते, त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. शेवटी संदर्भ पंधरा-वीसच असतात, आणि त्यांतले काही तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे. सिद्ध झालेलं शिळं होत नाही. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांवरून काढतात. गणिताचा निबंध दोन वर्षांत वाचून, पचवून, त्यावर नवं सिद्ध करून, तेही छापून आणायचं, हे कसं व्हायचं? सरांच्या ९ सायटेशनपैकी एक पोलंडमधल्या गणितज्ञाचं होतं. सरांच्या एका छोट्या प्रमेयिकेवर त्याने दहा पानांचा निबंध बेतला होता. चौथ्या रकान्यात मी लिहिलं, 'पूर्ण निबंध यावर उभा'.

वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमचा प्रश्न निराळाच होता. लग्नाआधीचे चार निबंध माहेरच्या आडनावाने, पुढचे सासरच्या. मधलं नाव आधी वडिलांचं, मग पतीचं, त्यामुळे आद्याक्षरंही बदललेली. सूचीत त्या दोन वेगळ्या बाया होत्या, आणि पहिल्या बाईचं काम जास्त गाजलं होतं. दुसरीकडे 'पाटील एस. बी.' या एका नावाखाली कोण जाणे किती जणांचे निबंध जमा झाले होते. द्राक्षावरचा बुरशीरोग, सिमेंटची मजबुती आणि बालकांचा दमा, सगळं एकाच पाटलांच्या खात्यावर. २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक अभ्यासकाला मिळतो. आमच्या कॉलेजात तो काढून घ्यायला मी प्रत्येकाच्या मागे लागले. मॅडमचे जुने चार निबंध त्यांच्या क्रमांकाला जोडून झाले त्या दिवशी त्या पडद्यावर आपलं माहेरचं नाव पाहत बराच वेळ बसून राहिल्या.

मराठीत लिहिलेल्या कामाचं काय होतं, हे दाखवायला मी रा. चिं. ढेरे यांचं उदाहरण देत असे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला २०११ मध्ये. मधली २७ वर्षं हे पुस्तक मराठीत अभ्यासलं जात होतं, त्यावर वाद होत होते, लेक्चरमध्ये, कीर्तनकारांच्या बोलण्यात, वारीवरच्या लेखांत ते झिरपत होतं. आंतरराष्ट्रीय सूच्यांना यातलं काय दिसणार? मराठी ग्रंथ त्यांच्या जाळ्यात येतच नाहीत, आणि मराठी ग्रंथांच्या मागच्या सूच्या तर कोणी यंत्रात भरलेल्याच नाहीत. महाराष्ट्रातल्या धनगरांच्या आणि खंडोबाच्या अभ्यासासाठी ज्यांचं नाव घेतात ते जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर किंवा फेल्डहाउस यांनी ढेऱ्यांचं ऋण मानलं, म्हणून ते नाव तिकडच्या पुस्तकांत उमटलं, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगांनी.

आणि मोजून मिळालेला प्रत्येक उल्लेख म्हणजे मान्यता, असंही नाही. वि. का. राजवाडे यांच्या व्युत्पत्ती मराठीत किती ठिकाणी आढळतात! त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्या खोडून काढायला घेतलेल्या आहेत. खोडायला घ्यावं लागणं यातही एक वजन आहे. पण ते वजन आणि आधार म्हणून घेतल्याचं वजन एकाच पारड्यात टाकता येत नाही. चौथा रकाना नसता तर मला हे कधी दिसलं नसतं.

या नोंदवहीतली सगळ्यात जास्त पानं एका माणसाने अडवलीत. दामोदर धर्मानंद कोसंबी.

पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या मुलांसाठी विद्यापीठाच्या कार्यशाळेत बोलायला मला एकदा बोलावलं होतं. सायटेशन कसं पाहायचं ते दाखवायचं होतं. आकडे सगळेच दाखवतात. मला वाटलं, एक माणूस घ्यावा आणि त्याच्या कामाचा माग काढून दाखवावा. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्यासाठी पुणे-मुंबई डेक्कन क्वीनने ये-जा करणारे कोसंबी माझ्या डोळ्यापुढे आले. मी समजले, दोन दिवसांचं काम असेल. ते अजून चालू आहे.

इतिहासाच्या मुलांना कोसंबी माहीत असतात ते १९५६ च्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरच्या ग्रंथामुळे आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'मुळे. तिथे त्यांना अवतरणं भरपूर. पक्षात, विपक्षात, कधी नुसती नमस्कारापुरती. संस्कृतच्या मुलांना माहीत असतात ते वेगळे कोसंबी. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती देणारे, आणि व्ही. व्ही. गोखले यांच्याबरोबर 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या प्राच्यमालेत संपादणारे. संस्कृतातली चिकित्सक आवृत्ती म्हणजे पुढच्या पिढ्यांनी पाय ठेवायची पायरी. श्लोक तिच्यातून घेतला जातो, पण तळटिपेत पुष्कळदा फक्त भर्तृहरीचं नाव असतं. संपादक पायरीसारखाच खाली राहतो.

नाण्यांचे कोसंबी तिसरे. तक्षशिलेच्या नाण्यांच्या साठ्यांतली आहत नाणी त्यांनी बारीक तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि झिजेचं गणित मांडता येतं. कोणतं नाणं किती काळ व्यवहारात होतं, हे वजनावरून सांगता यावं, असा तो प्रयत्न. पडताळा म्हणून त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली होती. हे काम काही विज्ञानाच्या नियतकालिकात, काही प्राच्यविद्येच्या नियतकालिकात. नाण्यांच्या अभ्यासकांना त्यातली संख्याशास्त्राची पानं जड, आणि संख्याशास्त्रज्ञ नाण्यांकडे वळतील कशाला? इथे माझ्या नोंदी थोड्या आहेत.

गणितात तर एकाच माणसाच्या दोन निबंधांचं दैव दोन तऱ्हेचं झालं. १९३० च्या दशकात त्यांनी वक्रमार्गांच्या भूमितीवर काम केलं. त्यावर एली कार्तान आणि पुढे शिंग-शेन चर्न यांनी लिहिलं, म्हणून आज ते तिघांच्या नावाने ओळखलं जातं आणि भौतिकीपासून परिसंस्थांच्या समीकरणांपर्यंत वापरलं जातं. उलट १९४३ मध्ये यादृच्छिक फलांविषयी त्यांनी भारतीय गणित सोसायटीच्या नियतकालिकात जे छापलं, तेच काही वर्षांनी युरोपात कारहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडलं, आणि नाव त्या दोघांचं रुळलं. जगभर महायुद्ध चाललं होतं, नियतकालिक इकडचं. आता काहीजण त्या विस्ताराला कोसंबींचंही नाव जोडतात. निबंध कुठे आणि कोणत्या वर्षी छापला, यावर त्याचं पुढचं आयुष्य केवढं ठरतं!

१९५९ साली रीमानच्या गृहीतकाविषयीचा त्यांचा दावा कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. मग १९६० च्या दशकातले काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने लिहिले. सूचीच्या हिशेबी तो आणखी एक निराळा माणूस.

आणि आता चार पानांचा निबंध. १९४४, 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स', खंड १२, पान १७२ ते १७५. गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते सरळ मोजता येत नाही. संततीत ती दोन किती वेळा वेगळी झाली यावरून अंदाज करायचा. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये त्याचं सूत्र दिलं होतं. पण एका ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की जवळच दुसरी अदलाबदल व्हायला अडथळा येतो, तो हॉल्डेन यांच्या सूत्रात धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवं सूत्र दिलं. ते जनुकशास्त्रज्ञ नव्हते, त्या विषयाकडे ते पुन्हा फारसे वळलेही नाहीत. त्यांच्या सगळ्या लिखाणात सूचीच्या यंत्रांना सगळ्यात ठळक दिसतात ती ही चार पानं. हजारांच्या घरात उल्लेख आहेत, आणि दरवर्षी वाढताहेत. भात, गहू, ज्वारी, तूर, कोणत्याही पिकाचा जनुकीय नकाशा काढायचा तर अंतराचं सूत्र निवडावं लागतं, हॉल्डेन की कोसंबी.

कार्यशाळेत मी मुलांना विचारलं, यातले कोणते कोसंबी मोठे? इतिहासाचा मुलगा म्हणाला इतिहासातले. संख्याशास्त्राची मुलगी म्हणाली, आकडा तर जनुकशास्त्राचा मोठा आहे. मग मी उल्लेख सोडून त्या उल्लेखांची कामं वाचून दाखवली. जनुकशास्त्रातल्या बहुतेक उल्लेखांत एकच ओळ आहे, 'अंतरं कोसंबींच्या सूत्राने काढली'. इतिहासातल्या एकेका उल्लेखात चार-चार पानांचं भांडण आहे. दोन्हीकडे काम चालू आहे, पण ते निराळ्या तऱ्हेने चालू आहे. ती ओळ नसेल तर नकाशा होत नाही, ते भांडण नसेल तर इतिहासाचा वर्ग पुढे सरकत नाही. तासाभराच्या व्याख्यानाला त्या दिवशी अडीच तास लागले, आणि जेवणाच्या रांगेतही मुलं वाद घालत होती.

पुढच्या वेळी प्राचार्यांना अहवालासाठी मी दोन गोष्टी दिल्या. मागितलेला तक्ता दिला, पण वर्णानुक्रमे, आणि शाखेशाखेचा वेगळा. आणि त्याच्या मागे प्रत्येक शिक्षकाचं एक पान, त्यात नोंदवहीतले चारही रकाने. समितीतल्या एका सदस्यांनी ती पानं उलटून पाहिली. दुसऱ्यांनी वेळ नाही म्हणून बाजूला ठेवली. अहवालात आकडेच गेले, पानं परिशिष्टात. मला त्याचं वाईट वाटलं, आणि तरी पुढच्या वर्षीही मी पानं जोडली. रकाना एकच असेल तर कागद दोन द्यावेत, इतकंच माझ्या हातात होतं. इतिहासाचे सर निवृत्त होताना पदोन्नतीचा एक टप्पा त्यांचा राहून गेला होता. निरोपाच्या दिवशी त्यांनी ग्रंथालयाला आपल्या रुमालांच्या याद्या दिल्या, हाताने लिहिलेल्या, २११ पानं. त्या आमच्याकडे दाखल आहेत, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पाहायला येतं.

मी निवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. आमची एक जुनी विद्यार्थिनी कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होती, हरभऱ्यावर. सुट्टीत गावी आली की ग्रंथालयात डोकावायची. त्या दिवशी लॅपटॉप उघडून तिने नकाशा दाखवला. उभी गुणसूत्रं, त्यांवर आडव्या रेघा, शेजारी अंतरं. खाली एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कोसंबी' लिहिलेलं.

"हे कोण गं?" मी विचारलं.

"ते सॉफ्टवेअरमध्ये असतं, मॅडम. दोन पर्याय येतात, आमच्या लॅबमध्ये सगळे हेच निवडतात." मग जरा अडखळून, "जपानी आहेत ना?"

मी तिला इतिहासाच्या कपाटाशी नेलं. तिथे 'मिथ अँड रिॲलिटी' होतं, पाठीला कापडी पट्टी लावलेलं. तिने नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव पाहिलं. पुणे परिसरातल्या वाटा, देवींची ठाणी, रस्त्याकडेचे दगड यांवरची पानं तिने उभ्याउभ्याच चाळली. "ही ठाणी तर आमच्या आजोळच्या वाटेवर आहेत," ती म्हणाली.

प्रबंधाच्या संदर्भसूचीत त्यांचा निबंध होता का, असं मी विचारलं. नव्हता. सॉफ्टवेअरचा उल्लेख होता, सूत्राचा नव्हता. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे नेमकं टिपलंय. काम इतकं अंगवळणी पडतं की ते मूळ कोणाचं हे सांगायची गरज कोणाला वाटत नाही, आणि नाव गळून जातं. इथे नाव तेवढं उरलं होतं, माणूस गळला होता. मी तिला खंड आणि पानं लिहून दिली. पुस्तक ती घरी घेऊन गेली, आठ दिवसांची मुदत एकवीस दिवसांवर गेली, मी दंड घेतला नाही.

दीड वर्षाने तिचा बांधलेला प्रबंध टपालाने आला, ग्रंथालयाला भेट म्हणून. मी सवयीने तो मागून उघडला. सूचीत क च्या जागी ते होते, १९४४, पान १७२ ते १७५. माझ्या जागी तोवर नव्या ग्रंथपाल आल्या होत्या, त्यांनी फोन करून मला बोलावून घेतलं होतं. नोंदवही मी सोबत आणली होती. कोसंबींच्या पानावर तिचं नाव लिहिलं, विद्यापीठ लिहिलं, वर्ष लिहिलं. चौथ्या रकान्यात लिहिलं: हरभऱ्याच्या नकाशासाठी.